उल्हासराव धनुष्याला वॉर्निश लावतात

माणसाने बढाई मारावी, त्याला कोणाची ना नाही. पण प्रसादाच्या रांगेत उभं राहून मारू नये. तिथे लोकांना दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे ते ऐकतात.

उल्हासराव पावगी, वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, राहणार रामघाट, बनारस, यांनी नेमकं तिथेच तोंड उघडलं. मंडळाच्या गणपतीची आरती नुकतीच संपली होती आणि रांगेतला पहिला माणूस 'अजून थोडं' म्हणत खिरापतीपाशी अडून बसला होता. तेवढ्या फटीत उल्हासराव शेजारच्याला म्हणाले, "विद्यापीठात असताना आम्ही धनुष्य चालवायचो. टीममध्ये होतो. धनुष्य अजून घरी आहे."

शेजारचा म्हणजे वेणीमाधव लेले, मंडळाचे चिटणीस. हा गृहस्थ बारा महिने कार्यक्रमाच्या शोधात असतो. दर दसऱ्याला मंडळी नावेत बसून गंगा ओलांडतात, पलीकडच्या रेतीवर शमीची पूजा करतात, एकमेकांना आपट्याची पानं देतात, कचोरी खातात आणि सीमोल्लंघन झालं म्हणून परत येतात. यात कचोरी सोडली तर पाहण्यासारखं काही नाही, हे लेल्यांना फार दिवस खुपत होतं. त्यांनी तिथल्या तिथे माइक ओढला आणि जाहीर करून टाकलं, "यंदा सीमोल्लंघनाला उल्हासराव पावगी बाण सोडतील!"

टाळ्या पडल्या. उल्हासरावांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांच्या पत्नी शरदिनीबाई द्रोण घेऊन उभ्या होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. "हे? आणि धनुष्य?" त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि परत हसल्या.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. लग्नाला चौतीस वर्षं झाली. या चौतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला बल्ब बदलताना स्टुलासकट पडताना पाहिलं होतं, नारळ फोडताना फरशी फोडताना पाहिलं होतं, आणि स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर माळ भटजींच्या गळ्यात घालताना पाहिलं होतं. एखादी गोष्ट या माणसाने अचूक केली आणि आपण ती पाहिली, असा योगच आला नव्हता. पण ते हसणं उल्हासरावांना लागलं. अगदी आत लागलं. एकदाच, फक्त एकदा, हिने आपल्याला काहीतरी झकास करताना बघावं, एवढंच त्या क्षणापासून त्यांच्या मनाने घेतलं. मंडळ गेलं उडत.

घरी येऊन त्यांनी विचारलं, "माझं धनुष्य कुठे आहे?"

"कुठलं धनुष्य?"

"कपाटावर असायचं. वाकडं. लाकडी मुठीचं, दोन्ही बाजूंच्या पात्यांना फायबर लावलेलं."

"अगोबाई, ते धनुष्य होय? गच्चीत आहे. माकडं हाकलायला बरं पडतं."

उल्हासरावांनी भिंतीला हात टेकला. विद्यापीठाच्या टीमचं धनुष्य, आणि माकडं! सहा बाणांपैकी पाच घरातल्या त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने मोगऱ्याला टेकू म्हणून कुंडीत खोचले होते, ते गंजून वाकले होते. उरला एक. धनुष्याची तर रया गेली होती. मुठीवरचं वॉर्निश कांद्याच्या सालीसारखं सुटलं होतं आणि पात्यांवर ऊन-पावसाने पांढरे डाग पडले होते. दोरीचा पत्ताच नव्हता. पुढे चौकशीत कळलं की तिच्यावर दोन वर्षं टॉवेल वाळत होते.

"मी हे नवं करणार," उल्हासराव म्हणाले. "घरी. स्वतःच्या हाताने."

"डॉक्टरांचा नंबर आहे ना तुमच्या फोनमध्ये?" शरदिनीबाईंनी काळजीने विचारलं.

बंगळूरला असणारी त्यांची लेक संपदा हिने व्हिडिओ कॉलवर धनुष्य सगळ्या बाजूंनी पाहिलं, नव्या दोरीची ऑर्डर टाकली आणि बजावलं, "बाबा, नीट ऐका. मुठीचं लाकूड बारीक पॉलिश पेपरने घासा. पात्यांना नुसता हलका हात फिरवा, फायबर कापलं जाता कामा नये. त्याची धूळ छातीत जाते, मास्क लावा. उन्हात ठेवायचं नाही, आतला गोंद सुटतो. वॉर्निशचे पातळ हात द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका."

सल्ला उत्तम होता. त्यात दोष एकच, तो बंगळूरहून आला होता. बनारसमध्ये समोरच्या खिडकीतून आलेल्या सल्ल्यापुढे बाहेरगावचा सल्ला टिकत नाही. आणि पावग्यांच्या समोरच्या खिडकीत गोपीनाथ जायसवाल राहत होते.

गल्ली तीन हात रुंद. गोपीनाथजी आपल्या खिडकीत पान चघळत बसत आणि तिथूनच पावग्यांच्या घरातल्या सर्व बाबींत मार्गदर्शन करीत. उल्हासराव मास्क लावून, नातवाचा पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून धनुष्य घासायला बसले, तेव्हा समोरून हाक आली, "का हो पावगी जी, फिर से कोरोना आ गया का?"

उल्हासरावांनी चष्म्याआडून धनुष्य दाखवलं.

"अरे, ई रेगमाल-फेगमाल छोड़िए! लकड़ी है, लकड़ी को तेल पिलाइए. कड़ू तेल. और दू घंटा धूप दिखाइए. हमरे बाबूजी की लाठी साठ साल चली, सिरिफ तेल और धूप पर!"

"संपदाने ऊन नको म्हटलंय," उल्हासराव मराठीतच पुटपुटले, आणि तीन दिवस नेटाने घासत राहिले. मूठ घासून झाली, पाती हलक्या हाताने पुसून झाली, खालून बदामी लाकूड असं काही देखणं निघालं की शरदिनीबाईसुद्धा जाता जाता थांबून म्हणाल्या, "बरं दिसतंय की." हे तीन शब्द ऐकून उल्हासराव इतके खुलले की त्यांची विचारशक्ती क्षीण झाली. आता अजून चांगलं करावं म्हणून त्यांनी बोटभर मोहरीचं तेल मुठीला चोळलं आणि फक्त दहा मिनिटं, घड्याळ लावून, धनुष्य गच्चीतल्या उन्हात ठेवलं.

आता रामघाटच्या माकडांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ती अपमान विसरत नाहीत. गेली कित्येक वर्षं ज्या वस्तूने पाठीत रट्टे बसले ती वस्तू आज एकटीच, निराधार पडलेली पाहून त्यांच्या म्होरक्याला काय वाटलं असेल! त्याने धनुष्य उचललं, शेजारच्या देवळाच्या शिखरावर जाऊन बसला आणि ते मांडीवर आडवं घेऊन उल्हासरावांकडे पाहू लागला. पुढचा पाऊण तास केळी गेली, पेढे गेले, आत्याच्या नैवेद्यातली करंजी गेली. गोपीनाथजींनी खिडकीतून सांगितलं की हात जोडा, साक्षात हनुमानजी आहेत. उल्हासरावांनी हात जोडले. शेवटी शरदिनीबाई लाटणं घेऊन वर आल्या, तेव्हा त्यांना पाहताच माकडाने धनुष्य टाकलं आणि पळ काढला. म्हणजे या घरात वचक कोणाचा, हे माकडांनाही ठाऊक होतं.

पडताना धनुष्याला फार इजा झाली नाही. पण मुठीवर दातांचे चार ठसे उमटले. ते भरून काढायचे, तेल पुसून काढायचं आणि वर वॉर्निश द्यायचं, असं तिहेरी काम होऊन बसलं. सुताराने पाहिलं आणि म्हणाला की लाकडाचं मी बघतो, फायबरचं कोण बघणार? प्लास्टिकवाला म्हणाला की फायबरचं मी बघतो, लाकडाचं कोण बघणार? घोडं तिथे अडलं. तेव्हा गोपीनाथजींनी आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुधा चुकून, एक बरोबर गोष्ट सांगितली, "लकड़ी भी, फाइबर भी? ई त नाव हो गई. विश्वजीत को बुलाइए!"

विश्वजीत निषाद घाटावर नावा दुरुस्त करायचा. त्याने धनुष्य उलटंपालटं केलं, एक डोळा मिटून लांबीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ई कितना सवारी बैठाती है?" मग हसून कामाला लागला. दातांचे ठसे त्याने असे बुजवले की शोधून सापडेनात. वर नावेला देतात तो चकचकीत रेझिनचा हात दिला. काच, नुसती काच! उल्हासरावांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो बराच तरुण वाटला.

"सूखेगा कब?"

"हार्डनर तनी कम पड़ गया है, हवा में नमी भी है. कल बिहान तक सूख जाएगा. दशहरा तक त पक्का."

दसरा तीन दिवसांवर होता. सकाळी बोट लावून पाहिलं तर बोट चिकटलं. संध्याकाळी लावून पाहिलं, तरी चिकटलं. उल्हासरावांनी धनुष्य माजघरात खुंटीला टांगलं, खाली 'हात लावू नये' अशी पाटी लावली आणि स्वतः मात्र बोट लावायला तासातासाने जाऊ लागले.

तेवढ्यात गोपीनाथजींनी नवीन पिल्लू सोडलं. सणासुदीचे दिवस आहेत, बंदोबस्त आहे, हत्यार घेऊन घाटावर दिसलात तर पोलीस धरतील. शरदिनीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, नको ते धनुष्य. बासष्टाव्या वर्षी कुठे लॉकअपमध्ये बसता!" उल्हासराव म्हणाले, "मी रीतसर परवानगी काढतो," आणि नवमीच्या सकाळी बुशशर्ट बदलून चौकीवर गेले.

चौकीतल्या दिवाणजींनी, म्हणजे हवालदारांनी, फॉर्म काढला. "हथियार का नाम?"

"धनुष."

"नाल कितनी? एकनाली कि दुनाली?"

"नाल नहीं होती."

"त कारतूस?"

"तीर. एक."

दिवाणजींनी 'कारतूस' पुढे 'एक' लिहिलं आणि मान वर केली. "रामलीला वाला है न? अरे, त इसमें परमिशन का क्या है! रोज पचास ठो जा रहे हैं. जाइए, जाइए."

इथे शहाण्या माणसाने नमस्कार करून बाहेर पडायचं. पण चाळीस वर्षांचा स्वाभिमान आडवा आला. "रामलीलेचं नाही हो! म्हणजे, रामलीला का नहीं है. असली है. तीस पौंड का खिंचाव है."

"असली?" दिवाणजींनी पेन खाली ठेवलं. "काहे असली बोल रहे हैं, चाचा? नकली बोलिए, घर जाइए."

"खोटं कसं बोलू? आम्ही विद्यापीठाच्या टीममध्ये होतो."

मग साहेब येईपर्यंत बसा, असं झालं. साहेब बंदोबस्तात. उल्हासराव दोन तास बाकावर बसले, त्यांच्या एका बाजूला मोबाइल हरवलेले काका आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल चोरल्याचा संशय असलेला एक जण. शेवटी साहेबांनी उभ्या उभ्या कागद पाहिला, 'हथियार' खोडलं, वर 'पूजन सामग्री' लिहिलं आणि सही ठोकली. एक नामांकित धनुर्धर उदबत्तीच्या पंक्तीत जमा झाला. पण परवानगी मिळाली.

घरी पोहोचले तर जिन्यापर्यंत चपला.

आत्या म्हणजे इंदूआत्या, वय चौऱ्याऐंशी. घराणं वैदिकांचं. खंडेनवमीला सगळीकडे शस्त्रांची पूजा होते, पण पावग्यांकडे पूजेला शस्त्र म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विळी आणि अडकित्ता. अलीकडे त्यात उल्हासरावांच्या बँकेतला स्टेपलर. शेजारच्या घरी तलवार मांडतात म्हणून आत्या आयुष्यभर झुरली होती. आणि आज, खंडेनवमीच्या दिवशी, घरात खरोखरचं शस्त्र! तिने पाटी वाचलीच नाही. वाचली असती तरी देवाधर्माच्या आड पाटी कशी येणार? तिने वेदशाळेतले गुरुजी बोलावले, मंडळ बोलावलं, गल्ली बोलावली. धनुष्य पाटावर, हळद-कुंकू झालं, अक्षता पडल्या, झेंडूची फुलं वाहिली गेली. ओल्या रेझिनने सगळं प्रेमाने धरून ठेवलं.

पण उल्हासरावांनी डोक्याला हात लावला तो वेगळ्याच कारणाने. गुरुजींनी सांगितलं होतं की दोरीशिवाय धनुष्य म्हणजे नुसतं काष्ठ, पूजा सज्ज धनुष्याची. कुरिअरने आलेली दोरी कोनाड्यात होतीच. आता या जातीच्या धनुष्याचं एक आहे, दोरी काढली की त्याची टोकं उलट्या अंगाला वळून बसतात. दोरी त्या वळणाच्या विरुद्ध बाजूने ताणून चढवायची असते. पण हे बनारसमध्ये कोण ऐकून घेणार? इथल्या प्रत्येक माणसाने जन्मल्यापासून दरवर्षी महिनाभर रामलीला पाहिलेली. धनुष्य कसं दिसतं हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुजींनी, लेल्यांनी आणि खास खिडकी सोडून आलेल्या गोपीनाथजींनी मिळून, ज्या बाजूला वाकलंय त्याच बाजूला दोरी चढवून टाकली होती. धनुष्य उलटं वाकून अर्धगोल झालं होतं आणि कर्र कर्र आवाज करीत होतं.

"बघ कसं रामाच्या हातातल्यासारखं दिसतंय!" आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उलटं आहे!" उल्हासराव ओरडले. "सोडा! मोडेल ते!"

"उल्हासराव, आम्ही बारा जण इथे आहोत," लेले शांतपणे म्हणाले. "बाराही जण चुकू कसे?"

उल्हासरावांनी पुन्हा धनुष्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं झाली होती. खरंच आपलं तर चुकत नाही? त्यांनी फोटो काढून संपदाला पाठवला. तिचा फोन अर्ध्या मिनिटात आला आणि ती जे बोलली ते गुरुजींसमोर स्पीकरवर यायला नको होतं. दोरी उतरवली. पात्यांवरून बोटं फिरवली. तडा नव्हता. उल्हासरावांचा जीव भांड्यात पडला. मग मुठीपाशी पाय रोवून, मांडीने रेटून त्यांनी दोरी योग्य अंगाने चढवली, तशी टोकं बाहेर वळली. जमलेल्या मंडळींत नाराजी पसरली.

"चांगलं होतं, बिघडवलंत," गुरुजी म्हणाले.

अक्षता काही निघाल्या नाहीत. शरदिनीबाईंनी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला तर फडक्याची लव चिकटली. "राहू दे," उल्हासराव म्हणाले. पण त्यांचा चेहरा बघून त्या फडकं टाकून शेजारी बसल्या. "अहो, एवढं काय मनाला लावून घेताय? नाही लागला बाण तर नाही लागला. मी काही म्हणणार नाही."

म्हणणार नाही! तेच तर. म्हटलं असतं तर चाललं असतं. हे आधीच माफ करून मोकळं होणं त्यांना सोसवेना.

दसऱ्याला दुपारी तीन नावा पलीकडे लागल्या. पूर ओसरून रेती नुकतीच उघडी पडली होती. शमीची पूजा झाली. लेल्यांनी वीस पावलांवर केळीचा खांब रोवला, त्यावर कुंकवाचा टिळा लावला आणि भाषण सुरू केलं. ते लांबत गेलं तसे उल्हासराव मुठीवरच्या अक्षता नखाने खरवडत राहिले. हातातलं धनुष्य म्हणजे हळदी-कुंकवाचं ताट झालं होतं. मुठीत तांदूळ टोचत होते, झेंडूची एक पाकळी तर कायमची भरती झाली होती. गोपीनाथजी नावेतूनच ओरडत होते, "हवा देखिए पावगी जी, हवा! तनी बाएँ से!"

"आता काढा लवकर," आत्या म्हणाली. "कचोऱ्या निवतायत."

उल्हासरावांनी बाण लावला. श्वास घेतला आणि दोरी खेचली. तरुणपणी हनुवटीपर्यंत सहज यायची ती छातीपाशीच अडली. खांदा कुरकुरला. त्यांनी दात आवळून अजून ओढली. तरी आणली! हनुवटीला दोरी टेकली. समोर टिळा दिसत होता. चाळीस वर्षांनी सगळं पुन्हा जागेवर आलं होतं, आणि उल्हासरावांच्या मनात एकच विचार आला, ही बघतेय ना?

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं. मग सगळं डोकंच वळवलं.

शरदिनीबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. हात घट्ट जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले, आणि ओठ भराभर हलत होते. तेहतीस कोटींपैकी एकही देव सुटला नसावा.

"अगं, बघ की!" असं उल्हासराव म्हणणार होते. तेवढ्यात बोटं सुटली.

खट्ट असा आवाज आला. मग रेतीवर असा गलका उठला की पलीकडच्या घाटावर लोक उभे राहिले. उल्हासरावांनी भीत भीत मान सरळ केली. बाण केळीच्या खांबात होता. टिळ्याच्या मधोमध. गोपीनाथजी नावेतून उडी मारून गुडघाभर पाण्यातून धावत येत होते, लेले माइक नसताना माइकमध्ये बोलत होते, गुरुजींनी मोठ्याने आशीर्वाद द्यायला सुरुवात केली होती.

शरदिनीबाईंनी एक डोळा उघडला. "लागला?"

"लागला वाटतं," उल्हासराव म्हणाले.

बाण कसा लागला, हे रेतीवरच्या एकूण एक माणसाने पाहिलं, फक्त या दोघांनी नाही. मंडळींचे डोळे खांबावर खिळलेले असल्यामुळे हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. उल्हासरावांना धनुष्य खाली ठेवायचं होतं, पण ते हातातून सुटत नव्हतं; सगळ्यांना वाटलं, अभिमानाने धरून ठेवलंय.

परतीच्या नावेत शरदिनीबाई आत्याला, आत्यापलीकडच्या बाईंना आणि नाववाल्याला सांगत होत्या. त्यांचा आवाज चढला होता, गाल लाल झाले होते, आणि चौतीस वर्षांत उल्हासरावांनी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "अहो, मी यांच्यावरची नजर हलवली नाही क्षणभर! कसे उभे होते सांगू! दोरी इथपर्यंत खेचली, आणि लक्ष? नुसतं समोर. इकडचं जग तिकडे होवो, मान एवढीसुद्धा वळली नाही!"

उल्हासरावांनी तोंड उघडलं. ही खोटं बोलतेय हे सांगायचं तर आपल्याला कसं कळलं, तेही सांगावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

शरदिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हो की नाही हो?"

"हो तर," उल्हासराव म्हणाले. "त्याला एकाग्रता लागते."